तुपाची गुळणी

तंबाखू मी खाल्ली. रेल्वेत सिग्नलच्या कामाला लागलो तेव्हापासून, चांगली तीस वर्षं. गाठ मात्र बायकोच्या घशात आली, उजव्या टॉन्सिलला, आणि तिनं आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. हॉस्पिटलात प्रत्येक नवा डॉक्टर तिला पहिला प्रश्न तोच विचारायचा, "मावशी, मिश्री? तंबाखू?" ती नकारार्थी मान हलवायची, आणि मग डॉक्टर एकदा माझ्या दातांकडं बघून घ्यायचे.

त्या आजाराबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला सांगायचंय ते त्या दिवसांत माझ्या पोटात जे जळत होतं त्याबद्दल. साठी उलटलेल्या माणसाला हे लिहायची लाज वाटावी, आणि वाटतेच आहे.

आम्ही तळेगाव स्टेशनजवळ राहतो. मी रिटायर झालोय, तिची जिल्हा परिषदेच्या शाळेतली तीन वर्षं अजून बाकी होती. तिचा आवाज म्हणजे शाळेची घंटा. परिपाठाला माईक लागायचा नाही. घरातही ती स्वयंपाकघरातून बोलली तरी खालच्या मजल्यावरची बाई "काय हो बाई?" म्हणून ओ द्यायची. लग्न झाल्यावर सुरुवातीला मला त्याचा त्रास व्हायचा, मग सवय झाली, आणि मग त्या आवाजाशिवाय घर म्हणजे काय हे मला माहीतच राहिलं नाही.

तेहतीस सिटिंग ठरल्या. आठवड्यातले पाच दिवस रेडिएशन, सोमवारी केमो. चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा बसवून तिला त्या मशीनखाली निजवायचे आणि मुखवटा टेबलाला खटाखट अडकवायचे. पहिले दोन आठवडे आम्ही लोकलनं चिंचवडला उतरून रिक्षा करत होतो. ती डबा घेऊन यायची, जाताना वह्यासुद्धा तपासायची. मी सगळ्यांना फोनवर सांगत होतो, काही नाही, आमची एकदम ठणठणीत आहे.

तिसऱ्या आठवड्यात घसा सुरू झाला. आधी चहा झोंबला, मग वरण, मग पाणी. तोंड आतून लाल झालं आणि जिभेच्या कडेला पांढरट चट्टे आले. चव तर केव्हाच गेली होती, गूळ आणि मीठ तिला सारखंच लागायचं. आवंढा गिळताना ती उजवा हात मूठ करून मांडीवर दाबायची. रेडिएशनच्या डॉक्टरीणबाई, वयानं आमच्या मुलीसारख्या, त्यांनी बधिर करायचं जेल दिलं, दुखण्याचं पातळ औषध दिलं आणि बजावलं की वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. घरी आल्यावर तिनं शाळेची पाटी काढली आणि खडूनं लिहिलं : नळी नको. बोलणं तिनं त्या दिवशी बंद केलं.

मी पेज करायचो. मऊ भात मिक्सरमधून काढायचो, दूध गार करायचो. तिच्यासमोर वाटी धरून म्हणायचो, "होईल बरं. एवढं दोन घास घे, होईल सगळं बरं." ती दोन चमचे घ्यायची आणि वाटी माझ्याकडं सरकवायची. पाटीवर लिहायची : पुरे. नाहीतर : पंखा. नाहीतर : लाईटचं बिल. चार दिवस घरात तिचा एक शब्द उमटला नाही.

पाचव्या दिवशी, रविवार होता, दुपारी दाराची बेल वाजली. दारात पांढऱ्या मिशांचा, उंच, अंगानं सडपातळ माणूस. हातात स्टीलचा कडीचा डबा.

"जयभीम दाजी," तो म्हणाला. "मी टाकव्याचा. लोणावळ्याला असतो, वैद्य आहे. आमच्या शाळेच्या ग्रुपवर कळलं."

टाकवे बुद्रुक हे तिचं माहेर. गावचा माणूस म्हणजे माझा मेव्हणाच, म्हणून दाजी. मी या म्हणालो. तो आत आला आणि पलंगावर बसलेल्या माझ्या बायकोला त्यानं एका नावानं हाक मारली. शाळेतलं टोपणनाव होतं ते. तीस वर्षांच्या संसारात मी ते कधी ऐकलं नव्हतं. ते मी इथं लिहिणार नाही.

आणि माझी बायको बोलली. फाटक्या, कुजबुजत्या आवाजात, पण बोलली.

"तू?"

चार दिवसांचा साठवलेला शब्द तिनं तिथं खर्च केला. आणि शब्द तरी कोणता! मला ती 'अहो' म्हणते. तिची आई तिच्या वडलांना म्हणायची तसं. मुलगी झाली, मोठी झाली, परगावी नोकरीला गेली, मी अजून 'अहो'च आहे, 'तुम्ही'च आहे. या माणसाला ती 'तू' म्हणाली आणि त्या 'तू'च्या मागे मला दिसलं की तिचं एक अख्खं आयुष्य माझ्याआधी होऊन गेलेलं आहे, पाटी-दप्तराचं, वेण्यांचं, आणि त्यात हा उभा आहे.

तो काही लगेच औषध काढून बसला नाही. आधी फाईल मागितली. चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग मोबाईलच्या बॅटरीचा उजेड पाडून तिचं तोंड नीट बघितलं. मग माझ्याकडून डॉक्टरीणबाईंचा नंबर घेऊन बाहेरच्या खोलीतून त्यांना फोन केला, इंग्रजीत, चांगली दहा मिनिटं. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला होता. मनातून वाटत होतं की बाई त्याला झापतील आणि तो चहा पिऊन निघून जाईल.

तसं झालं नाही. तो आत येऊन म्हणाला, "बाई चांगल्या आहेत. परवानगी दिली. हे बघा दाजी, आपण आजाराला हात लावायचा नाही. आजाराचं औषध मशीन आणि केमो. आपण फक्त वाट जरा गुळगुळीत करायची. पोटात घ्यायचा एकही काढा देणार नाही, केमो चालू आहे. फक्त तोंडात धरायचं आणि थुंकायचं."

डब्यात ज्येष्ठमध घालून कढवलेलं तूप होतं. कोमट करून तोंडभर घ्यायचं, गुळगुळ आवाज न करता नुसतं धरून ठेवायचं, आणि डोळ्यांतून, नाकातून पाणी यायला लागलं की थुंकून टाकायचं. दिवसातून चारदा. नंतर बोटानं मधाचा पातळ थर. मशीनवर जायच्या आधी दोन तास यातलं काहीच नाही. तोंडात दह्यासारखं पांढरं धरलेलं दिसलं तर सगळं बंद, आणि सरळ बाईंकडं.

"आणि जेल, गोळ्या, एक पण बंद करायची नाही," त्यानं तिच्याकडं बोट रोखून सांगितलं. "कळलं का गं?"

पहिली गुळणी त्यानं समोर बसून करून घेतली. तिनं तोंडात तूप धरलं. आता ती बोलू शकत नव्हती, म्हणून तो बोलायला लागला. टाकव्याच्या शाळेत गुरुजींच्या सायकलची हवा कोणी सोडली होती, जयंतीच्या स्टेजवर ही भाषण करताना कशी पाठ केलेलं विसरली आणि मग मनानंच दहा मिनिटं कशी बोलली, म्हाताऱ्यांनी कशा टाळ्या वाजवल्या. तिचे गाल फुगलेले, आणि डोळे हसत होते. मग त्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घळघळ. ती तांब्यात थुंकली आणि तरी पाणी थांबेना. त्यानं तिच्या हातात टॉवेल दिला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

ती माझ्यासमोर रडली नव्हती. रिपोर्ट आला तेव्हा नाही, केस गळले तेव्हा नाही. आता हे तुपाचं पाणी की तिचं, मला कळेना. आणि कळेना म्हणून जास्तच जळलो.

त्या संध्याकाळी तिनं पेजेची अख्खी वाटी संपवली.

माणूस चांगला असेल तर त्याच्यावर जळणं फार अवघड काम आहे. तो लबाड असता, पैशाचा लोभी असता, बायकांकडं बघणारा असता, तर मी त्याला पहिल्या दिवशीच जिना दाखवला असता. तो एक दिवसाआड लोणावळ्याहून यायचा. बसायचा वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मी दार उघडं ठेवून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचो. वाचत कसला, कान आत. ती त्याच्याशी बोलायची. तुटक, थांबून थांबून, पण वाक्यंच्या वाक्यं. तो गेला की पाटी मांडीवर. मला : चादर बदला.

मी तिला एकदा विचारलं, "त्याच्याशी बोलताना घसा दुखत नाही का?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पाटीवर लिहिलं : दुखतो.

मग मी ठरवलं की मीच तिला बरं करणार. रेल्वेत मी सिग्नलचे फॉल्ट काढायचो. इंजिनियर लोक नकाशे घेऊन बसायचे आणि मी नुसत्या हातानं चाचपून सांगायचो, इथं वायर कुजलीय. मला वाटलं, घसाच आहे, काय अवघड आहे?

एक दिवस तिची बहीण घरी बसायला आली होती. मी स्कूटर काढली आणि लोहगडवाडीला गेलो. तिथं गडाच्या वाटेवर एका मावशीचं भजी-पिठल्याचं दुकान आहे. माझ्या जुन्या गँगमनची ती सासू. डोंगरातला मध तिच्याकडं मिळतो हे मला माहीत होतं. तो वैद्य जो मध सांगत होता तो बाटलीतलाच की, आपण अस्सल आणू.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. "लय हाल व्हतात बया त्या दुखन्यात," ती म्हणाली. "न्हे मध. पर वैद्याला इचारून लाव बाबा. नुसतं मधच हाय, जादू न्हाई त्यात."

ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. परत येताना माझ्या डोक्यात दुसरंच घुमत होतं. मला दाढदुखी झाली होती तेव्हा लवंगेच्या तेलाचा एक बोळा ठेवला आणि दाढ मिनिटात बधिर झाली होती. दाढ बधिर होते तर घसा का होणार नाही? तो वैद्य आठ दिवस तूप धरायला लावतोय आणि दुखणं नुसतं थोडं मऊ पडलंय. मी एका गुळणीत थांबवतो. तळेगावच्या चौकातून लवंगेच्या तेलाची छोटी बाटली घेतली.

संध्याकाळी बहीण गेल्यावर मी तूप कोमट केलं. त्यात मध घातला आणि लवंगेचं तेल टाकलं. किती थेंब हे मी मोजलं होतं, पण ते इथं लिहून कोणाच्या डोक्यात काही भरवायचं नाही. तिला मी सांगितलं नाही. तिला वास येत नव्हता, चव लागत नव्हती. तिनं विश्वासानं वाटी घेतली, तोंड भरलं, आणि मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, तो सांगायचा तसं. आमचं लग्न ठरलं तेव्हाचं. मी "आठवतं का, मी पहिल्यांदा टाकव्याला आलो..." एवढंच म्हणालो असेन.

ती किंचाळली. वाटी भिंतीवर जाऊन आदळली. खालच्या मजल्यावरची बाई धावत वर आली, इतका तो आवाज मोठा होता. किती दिवस मी ज्या आवाजाची वाट बघत होतो, तो असा ऐकला.

तोंडातून रक्त यायला लागलं. गार पाण्याच्या चुळा भरवल्या, पण तेही तिला सोसवेना. शेजाऱ्यांच्या गाडीनं हॉस्पिटल गाठलं. ॲडमिट करून घेतलं, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासलं आणि नळी घालायला सांगितली. सिटिंग चार दिवस पुढं ढकलल्या.

"काय दिलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"ते... वैद्यांचं तूप," मी म्हणालो.

तूप तर होतंच की. खोटं बोललो नाही असं मी स्वतःला सांगत होतो. बाई संतापल्या. त्यांनी तिथूनच वैद्याला फोन लावला आणि मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून ऐकलं. मराठीत, स्पष्ट : "मी तुमच्यावर विश्वास ठेवला, डॉक्टर." माझ्या छातीत तेव्हा जे झालं ते मी आजपर्यंत कोणाला बोललो नाही. मला बरं वाटलं. माझी बायको आत नाकात नळी घेऊन पडलेली, आणि मला क्षणभर बरं वाटलं की आता तो येणार नाही.

तो दुपारी आला. लोणावळ्यातलं हातातलं काम टाकून आला असावा, सदऱ्याच्या बाहीला कसलंसं चूर्ण तसंच होतं. आधी बाईंना जाऊन भेटला. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही. मग माझ्याकडं आला. डब्यात उरलेलं तूप मी आणलं होतं, बाईंनी मागितलं म्हणून, आणि घाईत त्याच पिशवीत ती चेपलेली वाटीही आली होती. त्यानं डब्याचा वास घेतला. मग वाटीचा. वाटी पुन्हा एकदा नाकाशी धरली.

"लवंग," तो म्हणाला.

आमच्या शेजारून वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत गेला, तेवढा वेळ आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे होतो.

"तुम्ही सांगता बाईंना, की मी सांगू दाजी?"

आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मीही चढवला असता, तीच माझी सोय होती. मी त्याच्या बरोबर बाईंच्या केबिनपर्यंत गेलो आणि आत मात्र एकटा गेलो. बाईंनी सगळं ऐकलं. त्या रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "काका, तिच्या तोंडाला आत आता कातडीच नाहीये. तुम्ही उघड्या जखमेवर ते ओतलंत." मग फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "त्यांना सांगितलंत?"

त्यांना म्हणजे तिला. नव्हतं सांगितलं.

वॉर्डात ती भिंतीकडं तोंड करून होती. मी स्टूलवर बसलो आणि सांगून टाकलं. मध आणला, तेल आणलं, घातलं. ती ऐकत होती. हात पुढं केला, मी पाटी दिली. तिनं फार हळू लिहिलं.

मला वाटलं आजार वाढला. काल रात्रभर वाटलं आता संपलं.

ती ओळ मी वाचली, आणि तिनं ती पुसली नाही. पाटी तशीच माझ्या हातात ठेवून पुन्हा भिंतीकडं वळली. एक अख्खी रात्र तिनं मरणाची तयारी केली होती, ती माझ्यामुळं.

पुढचे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बोलता येत नव्हतं म्हणून की बोलायचं नव्हतं म्हणून, हे मला ओळखता येईना. नळीतून दूध सोडताना मी तिच्या कपाळाकडं बघत राहायचो. आठी आहे का, कमी आहे का. वैद्य एकदा येऊन गेला. त्यालाही ती बोलली नाही. मान हलवली फक्त. खोटं कशाला बोलू, त्यातही मला थोडं समाधान मिळालं.

चौथ्या दिवशी तिनं पाटी मागितली आणि लिहिलं : का?

मी इकडं तिकडं बघितलं. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती. मी म्हणालो, "तू त्याच्याशी बोलतेस. माझ्याशी नाही. त्याला तू म्हणतेस." हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझ्याच कानाला ते एखाद्या कॉलेजच्या पोरासारखे लागले. पण पडले ते पडले.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हसू की नको असं काहीतरी तिच्या डोळ्यांत आलं आणि गेलं. तिनं लिहायला घेतलं. पाटी भरली, ती मला दाखवली, पुसली, पुन्हा भरली.

तुम्ही म्हणता होईल बरं. रोज म्हणता. मग मी दुखतंय कसं म्हणू? तुमचं तोंड एवढंसं होतं.

आणि मग : तो बरं होईल म्हणत नाही. विचारतो आज कुठं दुखतंय. मी सांगते उजवीकडं, कानापर्यंत. तो लिहून घेतो. एवढंच बोलतो आम्ही. नाहीतर गुरुजींची सायकल.

मी ते वाचलं. मला पटलं असं मी म्हटलं तर ते फार सोपं होईल. अर्धं पटलं. उरलेलं अर्धं मन म्हणत होतं की हे तू मलाही शिकवू शकली असतीस की, तीस वर्षं आहे मी. पण मी विचारलं. घसा खाकरून, रेल्वेत चौकशीला बसल्यासारखं विचारलं, "आज कुठं दुखतंय?"

तिनं बोटानं दाखवलं. जबड्याच्या खाली, उजवीकडं. मग कानामागं. मग छातीच्या वर, जिथं नळी उतरते तिथं. मग पाटीवर लिहिलं : भीती पण. मी "होईल" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

ती घरी आली तेव्हा बाईंनी तुपाच्या गुळण्यांना पुन्हा परवानगी दिली, पण अटीवर : तूप वैद्यांनी समोर बसून करून द्यायचं आणि घरात दुसरं काही आणायचं नाही. वैद्यानं मला लोणावळ्याला बोलावलं. "तुम्हीच कढवा," म्हणाला. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचा दवाखाना, मागं छोटं स्वयंपाकघर. दिवसभर मी तिथं मंद आचेवर पातेलं ढवळत बसलो. ज्येष्ठमधाचा लगदा बोटात वळून त्याची वात होते का, आगीवर धरली तर तडतडते का, हे तो मला दाखवत होता. तडतडली म्हणजे पाणी राहिलंय. माझं तूप दोनदा तडतडलं. त्याला बरं वाटलं असेल असं मला उगाच वाटलं.

त्याची बायको पुढच्या काउंटरवर पुड्या बांधत होती. दुपारी तिनं आम्हाला भाकरी आणि मेथी वाढली. जेवताना त्याला माझ्या बायकोचा फोन आला. बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं व्हिडीओ कॉल लावून पाटी कॅमेऱ्यासमोर धरली होती. तो उठून खिडकीत गेला आणि मोठ्यानं हसायला लागला. काय लिहिलं होतं कोणास ठाऊक.

मी भाकरीचा तुकडा मोडत बसलो. वर बघितलं तर त्याची बायको खिडकीकडं बघत होती. हातात वाढायचा चमचा तसाच. तिचा चेहरा मी ओळखला. आरशात बघितल्यासारखा ओळखला.

"तुमचंही असं होतं का, ताई?" मी हळूच विचारलं.

तिनं चमचा भाजीच्या भांड्यात ठेवला. "न्हाई कसं," ती म्हणाली. "घरात मला चार शब्द धड बोलत न्हाईत हे. पेशंटचं दुखणं असलं की सायकल काय अन् गुरुजी काय. मी म्हटलं पण एकदा, मी बी आजारी पडते मग."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कुठं दुखतंय."

आम्ही दोघंही हसलो. तो खिडकीतून वळून म्हणाला, काय झालं, आणि तिनं "काही न्हाई, भाजीत मीठ कमी हाय" असं सांगितलं. त्या बाईबद्दल मला त्या क्षणी जेवढी जवळीक वाटली तेवढी कित्येक वर्षांत कोणाबद्दल वाटली नव्हती.

तेहतीस सिटिंग पुऱ्या झाल्या. शेवटच्या दिवशी त्या लोकांनी तिला तो जाळीचा मुखवटा घरी न्यायला दिला, तिनं तो घेतला नाही. नळी महिन्याभरानं निघाली. घसा बरा व्हायला उन्हाळा गेला. तीन महिन्यांनी स्कॅन केलं, बाई म्हणाल्या, सध्या काही दिसत नाही, येत राहा. तोंडाला अजून लाळ कमी सुटते, पाण्याची बाटली सतत जवळ लागते. तिखट अजून चालत नाही. आवाज परत आला, पण तो जुना नाही. जाडसर, मधेच तुटणारा. ती शाळेत पुन्हा रुजू झाली तेव्हा गळ्यात अडकवायचा छोटा माईक मीच आणून दिला. तो लावून ती पहिल्यांदा वर्गात गेली त्या दिवशी मी फाटकापाशी थांबलो होतो. पोरं एकदम ओरडली, "बाई आल्या!" आणि ती त्यांच्याशी तासभर बोलली. घरी आली तेव्हा घसा बसलेला. माझ्या वाट्याला संध्याकाळी पुन्हा पाटी.

पोरांवरही जळलो मी त्या दिवशी. सांगितलं तिला. तिनं पाटीवर लिहिलं, तुमचं काही खरं नाही.

वैद्य अजून येतो, दोन महिन्यांतून एकदा, बायकोला घेऊन. तो आणि माझी बायको आत गावच्या गप्पा मारतात आणि मी आणि त्याची बायको बाहेरच्या खोलीत बसतो. मागच्या वेळी आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा त्या ताईंनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी विचारलं, चहा ठेवू का? त्या म्हणाल्या, "ठेवा. आपल्या दोघांपुरताच ठेवा."

मी दोन कपांचं आधण ठेवलं. मग आतून तिचा आवाज आला, तो नवा, तुटका आवाज, "अहो, काय करताय एवढा वेळ? या ना इकडं." मी पातेल्यात आणखी दोन कप पाणी ओतलं आणि गॅस मोठा केला.